ठेवू का जरा?

टूलरूममधून व्हीआरएस घेतलेला माणूस घरी बसत नाही, घराचीच टूलरूम करतो. निगडी-प्राधिकरणात, चिंचवडात, भोसरीकडे ही जमात तुम्ही पाहिलेली आहे. आमच्या मजल्यावरच्या काकांनी मागच्या गॅलरीत चाळीस वॅटचं लेसर कटर बसवलं, तेव्हा वॉशिंग मशीन हॉलमध्ये आलं. काकू हल्ली त्याच्याशीच बोलतात.

मशीन नेमप्लेट कापतं, गणपतीची मखरं कापतं. काकांचं लक्ष मात्र बादलीत. काचेच्या नळीत किरण तयार होतो, पण घातलेल्या विजेचा जेमतेम पाचवा हिस्साच कामी येतो. बाकीची उष्णता बादलीतून नळीभोवती खेळणाऱ्या पाण्याने उचलायची. पाणी तापलं की किरण ढिला पडतो, नळीचं आयुष्य घटतं. म्हणून एक जॉब उतरला की दुसरा लावण्याआधी बादली गार करायची. "अठरा ते बावीस!" काका बजावतात. चिलर घ्या म्हणावं, तर तो मशीनच्याच किमतीत येतो. मग उपाय काय, तर प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या बादलीत सोडायच्या.

काकांचा फ्रीझर पहिल्याच उन्हाळ्यात भरला. नंतर आमचा भरला.

"वहिनी, एक बाटली ठेवू का जरा?" या 'जरा'ने आमच्या विंगमधले मटार, आमरस आणि एका घरचं सुरमईचं पाकीट देशोधडीला लावलं. सत्यनारायणाला काका आले ते दोन बाटल्या घेऊन. तीर्थ घेतलं, प्रसाद घेतला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाले, "ठेवू का जरा?" नव्या भाडेकरूचं सामान टेम्पोतून उतरत होतं, फ्रिज दिसताच त्याला जिन्यातच गाठलं. प्लग अजून लागायचा होता!

शहराला 2019पासून दिवसाआड पाणी, आणि काकांच्या बादलीत मात्र डिस्टिल्ड. साध्या पाण्याने नळीत क्षार धरतात म्हणे. जुलैत सगळं उलटं. पाणी फार गार झालं तर दमट हवेत नळीवर दव धरतं आणि हजारो व्होल्ट भलत्याच वाटेने धावतात. मग बाटल्या बंद. परत नेतील? छे! "असू द्या, मार्चला लागतीलच."

कोणी कुरकुरलं की काका इतिहास काढतात. मशीनमधला हा कार्बन डायऑक्साइडचा लेसर 1964 साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये शोधला कुमार पटेल यांनी; जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या सीओईपीत. राजकारण सोडून बारामतीचं नाव घेणारा महाराष्ट्रातला एकमेव माणूस म्हणजे बहुधा आमचे काका.

मी त्यांच्यावर चांगलाच चिडलो असतो, पण एका पोरामुळे चिडणंही नीट जमेना. चाकणला काँट्रॅक्टवर असलेला, खालच्या मजल्यावरचा मुलगा. सात महिने भरत आले की त्याला ब्रेक. 240 दिवसांचा हिशेब कंपन्यांना तोंडपाठ असतो. ब्रेकमध्ये तो गेटपाशी मोबाइल घेऊन बसायचा. काकांनी त्याला बाटल्यांची ने-आण करायला लावली, मग आरसे पुसायला, मग फोकस लावायला. रोजचे पैसे हातावर ठेवले. एकदा मी म्हटलं, काका, एवढ्या नेमप्लेटी विकल्या तरी जातात का? बादलीतला थर्मामीटर बघत ते म्हणाले, "दोन जॉबांच्या मधे मी या नळीला तीनदा विचारतो, बरी आहेस ना. त्याला कोण विचारतं?" आणि लगेच, जणू काही बोललोच नाही अशा थाटात, "तेवीस झालं. तुमच्याकडची आणता का?"

मी गेलो. आमच्या फ्रीझरमधून दोन बाटल्या काढून आणल्या. आमची आइस्क्रीमची जागा तेवढ्यापुरती मोकळी झाली.

आता त्या मुलाने मोशीत जुनं मशीन घेतलंय. तेव्हा मोशी-जाधववाडीकडच्या वाचकांनो, दारात हसऱ्या चेहऱ्याचा एक तरुण बाटली घेऊन उभा दिसला, तर दार उघडा. पण मटार आधी संपवून घ्या.