आम्ही मूळचे स्कॉच

पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता. त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो सांगतो, की मागचं विसरून मी पुढच्याकडे धावतो आहे. हे वचन आमच्याकडे निरोप समारंभात, नव्या वर्षाच्या प्रार्थनेत, आणि उसने पैसे परत करायचे नसतात तेव्हा हमखास ऐकू येतं. पण त्याच अध्यायात, थोडं आधी, पौलाने स्वतःचा अख्खा बायोडाटा दिला आहे. आठव्या दिवशी सुंता, वंश बन्यामिनाचा, आईबाप इब्री, पंथ परूशी, नियमशास्त्र पाळण्यात निर्दोष. विवाह मंडळाच्या फॉर्मवर याहून जास्त कोण लिहितो? आणि मग एका दमात म्हणतो, हा सगळा केरकचरा. मला पौल आवडतो तो इथे. विसरलेल्या माणसाला एवढं आठवत नाही. त्याला सगळं लख्ख आठवत होतं, फक्त त्यावर हक्क सांगायचा नव्हता.

मागचं न सुटण्याची ही अडचण पौलाच्याही आधीची. इस्राएल लोक मिसरातून सुटले, समुद्र ओलांडून आले, रोज सकाळी मान्ना वेचू लागले, आणि रानात बसून रडले कशासाठी? मिसरात फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण यांच्यासाठी. गणना पुस्तकात ही यादी आहे. विटा पाडताना पाठीवर बसलेले फटके मात्र यादीत नाहीत. सावजीच्या गावात, नागपुरात राहणाऱ्याने त्यांना नावं ठेवू नयेत हे खरं. कांद्या-लसणाशिवाय चाळीस वर्षं म्हणजे काय, हे आपल्याला कळतं.

आमच्या मंडळीतही रविवारची उपासना आटोपली, चहाचे कप हातात आले, की काकड्या-खरबुजं निघतात. मिशनच्या काळात कंपाउंडच्या भिंतीला दरवर्षी चुना लागायचा. ऑर्गन सुरात असायचा. नाताळात मडमबाई केक करायच्या, तसा केक आता नाही. ज्यांनी तो केक खाल्ला ते कधीच प्रभूकडे गेले. त्याच्या चवीवर आज जे बोलतात त्यांनी तो फक्त ऐकलेला आहे. आमचे एक काका आयुष्यात चहापलीकडे काही प्यायले नाहीत, पण पाहुण्यांना अभिमानाने सांगतात, "आम्ही मूळचे स्कॉच जी!" नवखा माणूस दचकतो. मग त्याला सांगावं लागतं, की हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं मिशन, १८४५ साली स्टीफन हिस्लॉप यांच्याबरोबर नागपुरात आलेलं.

गंमत अशी, की हे 'मूळचे' प्रकरण ज्या गावात रीतसर संपवलं गेलं ते गावही हेच. २९ नोव्हेंबर १९७०, आगमनकाळाचा पहिला रविवार. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चेस एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रेदरन होते, डिसायपल्स होते, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट होते, आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचं आधीच एक झालेलं युनायटेड चर्च होतं. काकांचे स्कॉच त्यातलेच. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली. इस्राएल लोकांना रान ओलांडायला चाळीस वर्षं लागली, आमच्या समित्यांनी एक वर्ष जास्त घेतलं.

वेळ लागणारच होता. बॅप्टिस्टांचं म्हणणं, ज्याला विश्वास म्हणजे काय हे कळतं त्याचाच बाप्तिस्मा व्हावा. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळांच्या कपाळावर पाणी घालत आलेले. वाद किरकोळ नव्हे. मोठेपणी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देतो-घेतो म्हणून झुरिकमध्ये १५२७ साली फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं होतं. साडेचारशे वर्षं पिकलेल्या या भांडणावर तोडगा काय निघाला? दोन्ही चालेल. बिशपांचा प्रश्न त्याहून नाजूक. अँग्लिकनांना बिशपांशिवाय चर्च पुरं वाटेना, आणि काहींच्या पूर्वजांनी तर बिशप नकोत म्हणूनच घरदार सोडलेलं. शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. यात कोणी कोणाला काय दिलं, आधी कोणाकडे काय कमी होतं, याचा हिशेब देवावर सोडला. धर्मपंडितांना ही संदिग्धता खटकली. मला ती त्या अख्ख्या कारभारातली सर्वांत प्रौढ गोष्ट वाटते. आपण बरोबर होतो, हे सिद्ध न करता जेवायला बसणं सोपं नसतं. घरातल्या जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या कोणालाही विचारा.

अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐन वेळी, काही महिने आधी, मागे फिरले. ते आजही वेगळे आहेत. सोयरिकी मात्र जुळतात, आणि त्या जुळवताना पहिला प्रश्न येतो, "मूळचे कोणत्या मिशनचे?"

खुद्द हिस्लॉप साहेबांचं तरी काय? लोकांना नवा जन्म घ्या म्हणून सांगणारा हा माणूस सवड मिळाली की टाकळीच्या बाजूला दगड फोडत हिंडायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शिंपले, पानं, किडे गोळा करायचा. एका खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव त्याच्यावरून पडलं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना, रात्री, पुराच्या पाण्यात तो घोड्यावरून वाहून गेला. जुनं उकरून बघायला ना नव्हती त्याची. तिथे मुक्काम केला नाही, एवढंच.

कवी नारायण वामन टिळकांचीही ख्रिस्ती वाटेवरची सुरुवात आमच्याच बाजूची. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या पदरी संस्कृतचं काम केलेला हा माणूस १८९३ साली नागपुराहून राजनांदगावला निघाला, गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हातात दिला, आणि १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातेवाईक तुटले. अभंग मात्र त्यांनी सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वेळ लागला. नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांचं सोवळं आणि पाणी वेगळंच होतं. मग एकदा विचार करता करता त्यांना जाणवलं, की ही जातीची उतरंड माणसांनीच रचलेली, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी आपलं ते सोवळं कुठे लपवलं नाही. उलट हसत हसत चारचौघांत मांडलं आहे. माझ्या मते पौलाच्या त्या अध्यायावर मराठीत याहून चांगलं भाष्य नाही, आणि त्यात प्रवचनाचा वास तर मुळीच नाही.

याच टिळकांच्या भजनांच्या साथीवरून सध्या आमच्या पास्टरेट कमिटीत तंटा आहे. एक पक्ष म्हणतो, उपासनेत ऑर्गनच हवा, आपली परंपरा आहे. दुसरा म्हणतो, पेटी-तबलाच हवा, आपली त्याहून जुनी परंपरा आहे. काका अर्थात ऑर्गनवाले. स्कॉटलंडातल्या फ्री चर्चने सुरुवातीच्या काळात ऑर्गन देवळात शिरूच दिला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं; त्यांनी मला दुसरा चहा दिला नाही. शेवटी पाळकसाहेबांनी नागपूरच्या प्रथेला धरून निर्णय दिला, दोन्ही चालेल. पहिल्या-तिसऱ्या रविवारी ऑर्गन, दुसऱ्या-चौथ्याला पेटी-तबला. ज्या महिन्यात पाचवा रविवार येतो त्याचं काय करायचं, यासाठी उपसमिती नेमली आहे.