वाचनालयाची इमारत कशी उभारावी : कार्यकारिणीसाठी मार्गदर्शिका

गावच्या वाचनालयाला नवी इमारत हवी, असा ठराव एकमताने मंजूर होतो, कारण त्यात कोणालाच पैसे द्यायचे नसतात. पैसे मिळवण्याची पद्धत खालीलप्रमाणे आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नये.

१. गरज सिद्ध करावी. जुन्या इमारतीचे फोटो जुलैत काढावेत. भिंतीची ओल आणि कपाटाखालची बादली एकाच फोटोत यायला हवी. याच सुमारास एखादा उत्साही सदस्य स्वखर्चाने पत्रे बदलून देतो म्हणेल. त्याला आवरावे. गळती थांबली की प्रस्तावच कोरडा पडतो.

२. कागद जमवावेत. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, १२ए, ८०जी, सीएसआर-१, तीन वर्षांचे ऑडिट, जागेचा उतारा. उतारा काढल्यावर जागा अजून मूळ दात्याच्या आजोबांच्या नावावर असल्याचे कळेल. धर्मादाय नोंदणीच्या परिशिष्ट एकवरील सात विश्वस्तांपैकी चार स्वर्गवासी असतील, कारण त्यांचा बदल अर्ज त्यांच्याहून दीर्घायुषी निघाला. उरलेल्या तिघांचे आपसात बोलणे नसेल. तरीही सह्या एकाच पानावर घ्याव्यात. वेळा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

३. दाता हेरावा. खासदारांना वर्षाला ५ कोटींची कामे सुचवता येतात, पण रांगेत आपल्या पुढे समाजमंदिरे, गटारे आणि हायमास्ट दिवे असतात. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी आणि असमान निधी अशा योजना आहेत. तो अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्यांचा फोन बहुधा मार्चमध्ये येतो आणि सविस्तर प्रस्ताव त्याच संध्याकाळी हवा असतो. त्यात ‘लाभार्थी किती’ असा रकाना असतो. तिथे सभासदसंख्या लिहिण्याचा प्रामाणिकपणा करू नये. जनगणनेतील तालुक्याची लोकसंख्या लिहावी.

४. पहिला रुपया शोधावा. प्रत्येक दाता विचारतो, ‘आणखी कोण देतंय?’ कंपनीला शासनाची मंजुरी बघायची असते, शासनाला संस्थेचा हिस्सा, आणि संस्थेला कंपनीचे पत्र. सगळ्यांना दुसरे व्हायचे असते. ही कोंडी फोडायला सभासदांच्या ५०१ रुपयांच्या पावत्याच लागतात. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हे आधीच सांगावे. नंतर सांगितल्यास देणगीदार वार्षिक सभेत बोलतात.

५. नाव द्यावे. येथे संकोच नको, परंपरा थोर आहे. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव लागले. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले, आणि त्यांच्या आई नाथीबाईंचे नाव आजही पदवीपत्रावर आहे. दाता भेटला की आधी मातोश्रींची चौकशी करावी. मात्र १८६४ नंतर लगेच १८६५ आले, कापसाचा फुगा फुटला आणि प्रेमचंदशेठही अडचणीत आले. म्हणून आकडा ऐकताच टाळ्या वाजवाव्यात आणि टाळ्या संपायच्या आत चेक घ्यावा. जिन्याच्या पायऱ्यांना नावे देऊ नयेत; नावावर पाय पडतो म्हणून तक्रारी येतात. शौचालयाला दाता मिळत नाही. तो खर्च ‘सभागृह व अनुषंगिक सोयी’ यात बसवावा.

६. उद्घाटन करावे. कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव सर्वांत मोठे, दात्याचे मध्यम आणि ग्रंथपालाचे नसावे. ग्रंथपालाने सतरंज्या उचलाव्यात.

७. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडावे. येथे मार्गदर्शिका थोडी अडखळते. भिंतीला देणगी मिळते, कारण तिच्यावर नाव कोरता येते. वीजबिलावर, झाडूवाल्याच्या पगारावर किंवा दर पावसाळ्यापूर्वीच्या वॉटरप्रूफिंगवर कोरता येत नाही. अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून १८८३ ते १९२९ या काळात जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. इमारत देण्यापूर्वी त्यांची नेहमीची अट असे : जागा गावाने द्यावी आणि इमारतीच्या रकमेच्या १० टक्के दरसाल ग्रंथालय चालवण्यासाठी खर्चावेत. १० हजार डॉलरची इमारत हवी, तर वर्षाला हजार डॉलरची हमी आधी. ही अट जाचक वाटून काही गावांनी इमारतच नाकारली. त्यांना निदान हिशेब येत होता.

आपल्याकडच्या अर्जांत दरसालच्या खर्चाचा रकाना क्वचितच असतो. तो स्वतः आखावा, देखभालीचा निधी बांधकामाच्या अंदाजपत्रकातच मागावा, आणि दात्याने नकार दिला तर मातोश्रींचे नाव त्या निधीला देऊन पाहावे. तिसऱ्या वर्षी ग्रंथपालाचा पगार कोण देणार, हे एका ओळीत लिहिता येत नसेल, तर अर्ज पाठवू नये.