काकूंची साडी आणि बारा पिक्सेल

व्यंगचित्रात संगणकावर रंग भरायचे काम रंगापासून नव्हे, रेषेपासून सुरू होते. शाईचे चित्र 300 ते 600 डीपीआयला स्कॅन होते, कागदाचा पिवळेपणा लेव्हल्सने घालवला जातो आणि मग ज्येष्ठ व्यंगचित्रकार रंगवाल्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. ही शेवटची पायरी कुठल्याच पुस्तकात नसते. दिवाळी अंकाच्या हंगामात टळतही नाही.

ज्येष्ठ : काकूंच्या साडीला गुलाबी दे. एका क्लिकचं काम.

(रंगवाला बकेट टूल साडीवर टेकवतो. साडी गुलाबी, काकू गुलाबी, गॅलरी गुलाबी, आभाळही गुलाबी.)

ज्येष्ठ : अरे, रंगपंचमी नाही, दिवाळी आहे!

रंगवाला : पदराजवळ रेषा तुटलीय, सर. तिथून सांडला.

ज्येष्ठ : तुटली नाही, तोडलीय! रेषेला श्वास घ्यायला जागा लागते. अर्धा मिलिमीटर तर फट.

रंगवाला : 600 डीपीआयला अर्धा मिलिमीटर म्हणजे बारा पिक्सेल. रंगाला एक पुरतो.

ज्येष्ठ : म्हणजे आता माझी रेषा जोडणार?

रंगवाला : तिला हातसुद्धा लावत नाही. तुमची रेषा सगळ्यात वर, मल्टिप्लाय मोडमध्ये, कुलूप लावून. म्हणजे कागदाचा पांढरा दिसेनासा होतो, काळं तेवढं राहतं. खालच्या लेयरवर मी लासोने साडीचा आकार घेतो आणि सपाट रंग ओततो. याला आम्ही फ्लॅट म्हणतो.

ज्येष्ठ : आणि ही रेषेच्या कडेची पांढरी किनार? साडी काठाची नव्हती.

रंगवाला : रेषेच्या कडेला करडे पिक्सेल असतात, बकेट त्यांना बिचकून अलीकडेच थांबते. निवड दोन पिक्सेल फुगवली की रंग रेषेखाली सरकतो. बघा, गेला काठ.

फ्लॅट कंटाळवाणे असतात, पण निम्मी मेहनत त्यांतच जाते. ते नीट झाले की छटांचे काम खेळासारखे होते. फक्त एका प्रश्नाचे उत्तर आधी लागते.

रंगवाला : उजेड कुठून येतोय?

ज्येष्ठ : पणतीतून. दिसत नाही?

रंगवाला : पणती जमिनीवर आहे. मग काकूंची सावली वर, भिंतीवर चढणार. तुम्ही ती पायाखाली गिरमिटलीय.

ज्येष्ठ : काढताना घरात वरचा बल्ब लागला होता.

(रंगवाला साडीच्या लेयरला क्लिप केलेल्या नव्या लेयरवर जांभळट सावली देतो. ब्रश कितीही भरकटला तरी रंग साडीबाहेर पडत नाही.)

ज्येष्ठ : सावली काळी हवी.

रंगवाला : काळी दिली की साडी मळकी दिसते, सर. कार्टूनला एकच सावली, कडा कापल्यासारखी स्पष्ट.

ज्येष्ठ : हं. गुलाबी मात्र झकास.

रंगवाला : पडद्यावर. छपाईच्या चार शायांत, सीएमवायकेत, गेला की जरा विटणार. रेषा मात्र नुसत्या काळ्या शाईत ठेवतो. चार शायांत छापली आणि प्लेट हलली, तर काकू दोन-दोन दिसतील.

(फोन वाजतो. संपादक कळवतात : चित्र आतल्या पानावर घेतले आहे, आतली पाने एकरंगी.)

फाइल ग्रेस्केल केली. साडीचा गुलाबी आणि दाराचा हिरवा यांचा उजळपणा सारखाच होता, त्यामुळे दोन्हींचा एकच करडा झाला आणि काकू दारात विरघळल्या. शेवटी रंगांचे सगळे लेयर बंद करून चित्र छापायला गेले : नुसती रेषा, पदराजवळच्या बारा पिक्सेलच्या फटीसकट.