सोळा हजार रुपये किलोमीटर

चंद्रयान-३ला साधारण ६१५ कोटी रुपये लागले, ही बातमी आमच्या वऱ्हाडातल्या बाळापूरच्या बसस्टँडवर आली तेव्हा तिला पहिला हात घातला तो चहावाल्याने. त्याने मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर उघडला, चंद्र किती लांब आहे ते दहावीतल्या एका पोट्ट्याला विचारले, ३ लाख ८४ हजार किलोमीटरने भागले आणि जाहीर केले, "सोळा हजार रुपये किलोमीटर. सस्तं हाय राजेहो!"

सगळे घडीभर गप्प झाले. प्रत्येक जण आपापल्या वावराकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याचा किलोमीटरमागचा भाव आठवत असावा. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरले आणि टाळ्या वाजल्या, पण इस्रोबद्दल आमच्याकडे खरा आदर निर्माण झाला तो या भागाकाराने.

"आन् दिवस किती लागले?"

"चाळीस," मी म्हणालो. आयुष्यभर शाळेत सामान्य विज्ञान शिकवल्यामुळे असले आकडे मला विचारले जातात. उत्तर मात्र ऐकले जातेच असे नाही.

"मंग आपला हायवे काय वाईट हाय?" एक जण म्हणाला. जून २०२२मध्ये आमच्याच राष्ट्रीय महामार्ग ५३वर, लोणी ते मूर्तिजापूरच्या पट्ट्यात, ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनेस बुकात नाव गेले होते. "रस्ता पाच दिवसात होते हे त्याईनं दाखवून देल्लं. आधी इतके वर्सं काऊन नाही झाला, थे शोधाले एखांदं यान सोडा म्हना."

वऱ्हाडातला माणूस विज्ञानावर विश्वास ठेवत नाही, असे कोणी लिहिले तर मला राग येतो. ठेवतो असे लिहिले तर हसू येते. आम्ही विज्ञानाशी भाव करतो. पिढ्यान्‌पिढ्या कापूस विकताना समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा कधीच खरा नसतो, हे अंगात मुरले आहे. त्यामुळे शंभराची बातमी आली की ती आधी चाळीसला मागायची, मग कुरकुरत साठला घ्यायची. पंचेचाळीस हजारांचा मोबाइल असो की कृष्णविवराचा फोटो, रीत तीच.

असा सर्वांत जोरदार सौदा झाला २ एप्रिल २०२२च्या रात्री. पाडव्याचा दिवस, श्रीखंडपुरी अंगावर आलेली, लोक गच्चीवर. पावणेआठच्या सुमाराला आभाळातून जळते गोळे ओळीने, अगदी सावकाश सरकत गेले. अर्ध्या विदर्भाने ते पाहिले. बाळापूरने ते मोबाइलच्या पडद्यातून पाहिले, कारण डोळ्यांनी पाहायला हात मोकळे नव्हते. उल्का, विमान, मिसाईल अशी मते आली. आमच्या वहिनींचे मत होते की काहीही असो, वाळवणाच्या कुरड्यांवर पडू नये.

दुसऱ्या दिवशी कळले की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची एक भलीमोठी रिंग पडली. वजन चाळीस किलोच्या आसपास. अवकाश अभ्यासकांनी सांगितले की हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेला. भंगारवाल्याने ताबडतोब वजन आणि धातू यांची चौकशी केली. लाडबोरी किती लांब आहे हे कळल्यावरच त्याचा खगोलशास्त्रातला रस कमी झाला.

मोबाइल दुरुस्तीवाला आमच्या गावातला सर्वांत मोठा तंत्रज्ञ. कारण फोनबद्दल बोलतात सगळे, उघडून पाहिलेला तोच एकटा. त्याने हिशेब केला, "फेब्रुवारीत सोडलं, पुढच्या एप्रिलात पडलं. चवदा महिने! चायनाचा माल चवदा महिने? गुरुजी, थो ओरिजिनल असंन."

मी सांगायला गेलो की पेटलेले रॉकेट बिघडले नव्हते. आपले काम करून टप्पा मोकळा होतो, फिरत राहतो, विरळ हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली येतो आणि शेवटी जळतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "म्हंजे वारंटी संपल्यावरच पडलं ना? मंग तेच तं सांगून रायलो."

तिथे बसलेल्या आबाजींना मात्र कशाचेच अप्रूप नव्हते. त्यांनी १९७९ सालची स्कायलॅब पाहिली होती. म्हणजे पाहिली नव्हती, ती जुलैत हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडली, पण वाट पाहिली होती. आता सगळे संपणार म्हणून त्यांच्या आळीतल्या सगळ्या कोंबड्या आठवडाभरात संपल्या. "अमेरिकेनं ७७ टन पाडलं," आबाजी म्हणाले, "चीननं चाळीस किलो. आता वरूनच माल हलका येऊन रायला."

पावसाच्या बातमीशी भाव करणे जास्त गंभीर काम आहे, कारण तिथे बियाण्याचे पैसे अडकलेले असतात. एप्रिलमध्ये हवामान खाते सांगते की यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. ही सरासरी साऱ्या देशाची, जून ते सप्टेंबर मिळून ८७ सेंटिमीटर. तीत मेघालय आले, राजस्थान आले आणि कोपऱ्यात कुठेतरी आमचा बाळापूर तालुका. "एकशे चार टक्के?" आबाजींनी मला विचारले. "तुमच्या शाळेत कोनाले पडले का कधी एवढे?"

मग मोबाइलवरचे हवामान. उद्या ७० टक्के पाऊस. यावर आमच्याकडे विचारला जाणारा प्रश्न एकच आहे, "सत्तर टक्के म्हंजे कोनाच्या वावरात?" लोक याला हसतात. मी हसत नाही. आमच्याकडे धुऱ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे फुफाटा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सत्तर टक्के ही पावसाची शक्यता आहे, पावसाचे माप नव्हे, हे मी कितीही समजावले तरी ज्याला उद्या सकाळी तिफण जुंपायची की नाही हे ठरवायचे आहे त्याला सत्तर टक्के तिफण जुंपता येत नाही.

शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. वावरात घट मांडून भोवती धान्ये ठेवतात, घागरीवर पापड-भजी-वडा ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय विखुरले ते पाहून पाऊसपाणी, पीक आणि देशाचे राजकारणसुद्धा सांगतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी टीव्हीवाले जातात, आम्ही ऐकतो आणि तिथेही भाव करतो. "जूनमंदी कमी पाऊस म्हनते. म्हंजे जूनच्या आखरीले पेरू." शेवटी पेरणी होते ती शेजाऱ्याने पेरले म्हणून. त्या शेजाऱ्याने कशावरून पेरले याचे संशोधन अजून व्हायचे आहे.

घरगुती तंत्रज्ञानात मात्र आम्ही कोणाचे ऐकत नाही, कारण कूलर आमचा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की वाळ्याच्या ताट्या भिजवून पंखा सोडायचा. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते, आणि आमची हवा इतकी कोरडी की पाणी अगदी आनंदाने उडते. मुंबईला हाच कूलर लावला तर नुसता दमटपणा मिळतो. पहिल्या पावसानंतर आमच्याकडेही तेच होते, म्हणून जून लागला की कूलर घामाघूम माणसांच्या शिव्या खात कोपऱ्यात उभा असतो.

याच जूनला कंटाळून आमच्या शेजाऱ्याने इन्व्हर्टर एसी घेतला. लाइन गेल्यावरही चालेल, एवढ्या एका खात्रीवर. दुकानदाराने तसे सांगितले नव्हते, पण नाहीही म्हटले नव्हते. पहिल्याच रात्री लाइन गेली आणि एसीही गेला. मी समजावले की त्यात बॅटरी नसते, कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे कमीजास्त वेगाने फिरतो म्हणून बिल वाचते. अंधारात बसून बिल वाचल्याचे समाधान त्याला फारसे झाले नाही. त्याची खरी तक्रार वेगळी होती. पारसचे वीज केंद्र आमच्याच तालुक्यात, २५० मेगावॅटचे दोन संच. मी म्हणालो, तिथली वीज सगळ्यांच्या जाळ्यात जाते, ती काही आधी आपल्याकडे येत नाही. तो थोडा वेळ उकडत बसला आणि म्हणाला, "पारसहून आपल्या घरी डायरेक्ट वायर टाकाले कितीक लागंन? किलोमीटरमागं?"

आता गावात एआय आले आहे. चहावाल्याच्या पोराच्या मोबाइलवर ते मराठीत बोलते. आबाजींनी त्याला मोठा प्रश्न टाकला. जून २०१९मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले, तणनाशकाला न जुमानणारे एचटीबीटी कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले होते. ते बरोबर केले की चूक? मोबाइल गोड आवाजात म्हणाला की हा विषय गुंतागुंतीचा असून त्याला अनेक बाजू आहेत. मग त्याने तणनाशकाचा खर्च, पर्यावरण, कायदा अशा एकेक बाजू सांगितल्या, सगळ्या सारख्याच अदबीने.

"पुन्याकडचं पोट्टं दिसते," आबाजी म्हणाले. "बाजू कोनी इचारल्या? तुह्यं मत सांग."

त्याला स्वतःचे मत नसल्याचे त्याने नम्रपणे सांगितले. बसस्टँडवर हे वाक्य याआधी कोणी उच्चारले नव्हते. लोक पेले हातात धरून मोबाइलकडे बघत राहिले. मग आबाजींनी दया येऊन त्याला आपले मत ऐकवले, निंदणाच्या मजुरीपासून सुरुवात करून, चांगली पाच मिनिटे.

"तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे," मोबाइल म्हणाला.

"सुधरते," आबाजी म्हणाले. "याले रोज आनत जाय."