मुंजीत मुंज्या

फुकट सॉफ्टवेअरला ग्राहकसेवा नसते. तक्रार घरातलेच करतात आणि ती ऐकून घ्यायला घरातलाच एक माणूस लागतो. माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपवर जेलिफिन हे आपल्या फायली घरभर दाखवणारं सॉफ्टवेअर बसवल्यापासून आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे.

वर्गणी भरून पाहायच्या अ‍ॅपवर आज असलेला सिनेमा पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. आईला मात्र ‘अशी ही बनवाबनवी’ मनात येईल तेव्हा हवा असतो, आणि उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी जेवताना. डीव्हीडी घरात होत्या. प्लेअरने मान टाकली होती. त्यात मामाने लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून आणल्या. सगळं एका हार्ड डिस्कवर टाकायचं आणि घरात कुठेही पाहायचं, एवढाच बेत.

त्यासाठी सॉफ्टवेअर शोधताना या क्षेत्रातली भाऊबंदकी वाचून मला अगदी गावाकडे गेल्यासारखं वाटलं. 2002 साली हौशी मंडळींनी एक्सबॉक्स या खेळायच्या यंत्रासाठी एक प्लेअर लिहिला. पुढे त्याचं बिऱ्हाड एक्सबॉक्सवरून हललं, तरी दारावर एक्सबीएमसी हीच पाटी राहिली. 2014 साली तिच्या जागी ‘कोडी’ आली. जेलिफिन हे एंबी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरच्या घरातून फुटलेलं. एंबीने आपला कोड कुलपात ठेवला, तेव्हा काही जणांनी शेवटची उघडी प्रत उचलून 2018 च्या डिसेंबरात वेगळी चूल मांडली. खटला नाही, तारखा नाहीत. परवान्यातच तशी मुभा! आमच्या आजोबांनी जमिनीचे कागद असे केले असते, तर दोन वकील उपाशी राहिले असते.

बसवणं सोपं निघालं. मजा आली ती ओळखपरेडीत. जेलिफिन फायलीचं नाव वाचून इंटरनेटवरच्या यादीत सिनेमा हुडकतं आणि पोस्टर, कथासार, नटनट्या आपणहून चिकटवतं. एकाच नावाच्या दोन सिनेमांत घोळ होऊ नये म्हणून नावापुढे कंसात साल द्यायचं असतं. मामाच्या फायलीवर कुठलं साल? नुसतं ‘मुंज’. जेलिफिनने माझ्या मुंजीला 2024 च्या ‘मुंज्या’ या भुताच्या सिनेमाचं पोस्टर लावलं.

आई चष्मा पुसून जवळ गेली. “नाही रे, गोटा केला तरी तू इतका वाईट दिसत नव्हतास.”

बायकोने शांतपणे कथासार वाचलं. “लग्नासाठी हट्ट धरून बसलेलं भूत. बरोबर आहे की!”

त्यावर उपाय आहे. घरगुती चित्रफितींसाठी लायब्ररीचा वेगळा प्रकार निवडायचा, म्हणजे जेलिफिन पोस्टरं शोधत बसत नाही. मी तो निवडला, पण पोस्टर जाऊ द्यायला घरचे तयार नव्हते.

दुसरी कटकट लॅपटॉपच्या वयाची. समोरच्या फोनला फायलीचा प्रकार झेपला नाही, तर सर्व्हर, म्हणजे लॅपटॉप, ती चालता चालता बदलून देतो. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. आमचा लॅपटॉप तेव्हा पर्वती चढणाऱ्या काकांसारखा धापा टाकतो.

पण परवा खोदकामात केबल तुटली, सोसायटीचं इंटरनेट गेलं आणि आमच्याकडे सिनेमा चालूच. लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंतचा सगळा प्रवास घरच्या वायफायवरून. बाहेरचं इंटरनेट त्यात लागतच नाही. समोरचे काका दारात उभं राहूनच अर्धा सिनेमा पाहून गेले.

“महिन्याला किती पडतात?”

“काहीच नाही.”

“मग यात काहीतरी गोम आहे.”

गोम आहे, काका. हार्ड डिस्क कधी ना कधी जातेच. तेव्हा दुसरी आणा, आणि सिनेमे राहू द्या, आधी मुंजीची प्रत करून ठेवा.