विहीणबाईंची खापरपणजी

अहो वहिनी, थांबा की जरा. कढीपत्ता तोडून देते, पण आधी ऐका. बॉस्टनहून आल्यापासून पोटात ठेवलंय. आमच्या विहीणबाई नळीत थुंकल्या! हो, लेकीच्या सासूबाई. एवढ्या टापटिपीच्या बाई, पण अर्धा तास आधीपासून पाणी नाही, कॉफी नाही, च्युइंगगम नाही, आणि मग ओट्याशी उभं राहून नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ. कशासाठी, तर डीएनए तपासून खापरपणजीचं गाव शोधायला.

घराणं मूळचं आयरिश. तिकडे १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि सात वर्षं दुष्काळ चालला. दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. ही खापरपणजी, तेव्हाची पोरगी, त्यानंतर काही वर्षांनी बोटीत बसली आणि बॉस्टनमध्ये कुणाकडे तरी घरकामाला लागली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थळ काय, तर ‘आयर्लंड’. संपलं. जिल्हा नाही, गाव नाही. तिकडची गावंही कसली, चार-सहा घरांच्या वाड्या म्हणा ना. टाउनलँड म्हणतात, आणि त्या साठ हजारांच्या वर आहेत!

तुम्ही म्हणाल, सरकारी दप्तर असेल की. मीही तेच म्हटलं. तर काय, ते जळालं. १९२२ च्या जूनअखेर डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये, आपसातल्या यादवीत. आपल्याच लोकांनी हो! १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ साफ गेल्या, जुनी मृत्युपत्रं गेली. आणि पुढच्या चार जनगणना सरकारनंच निकालात काढल्या होत्या, त्यातल्या दोन म्हणे पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई म्हणून लगद्यात घातल्या. अख्ख्या हाती लागणाऱ्या सगळ्यात जुन्या, त्या थेट १९०१ आणि १९११ च्या. कॅथलिकांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ ला, आणि ही बाई त्याच्या बरीच आधी जन्मलेली. आता बोला.

उरल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. त्या आहेत, त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ मध्ये फुकट नेटवर टाकल्यात. पण कुठल्या चर्चची वही उघडायची, ते गाव कळल्याशिवाय कसं कळणार? आडनाव मी सांगत नाही, विहीणबाईंना आवडायचं नाही. पण कॉर्क आणि केरी जिल्ह्यांकडे सलिव्हन आणि मकार्थी इतके की एकाच नावाची माणसं ओळखायला ‘तांबडे’, ‘काळे’ अशी टोपणनावं लावावी लागत. त्यातलंच एक समजा. वर बायकांची नावं मेरी, ब्रिजेट, मार्गारेट, हीच उलटूनपालटून. मी म्हटलं, त्यापेक्षा आमचा तो तिकडचा माजी पंतप्रधान बरा, लिओ वराडकर! मालवणजवळच्या वराडचा, आडनावातच पत्ता. विहीणबाई हसल्या, पण जरा कसनुशा.

तर थुंकून निकाल काय आला? नकाशा. नव्वद टक्क्यांच्या वर आयरिश. आता गालावरचे वांगाचे ठिपके बघून हे आपल्या दूधवाल्यानंही सांगितलं असतं! लोक त्या टक्क्यांनाच भुलतात. खरा माल असतो खालच्या यादीत. तुमच्याशी रक्ताचं थोडंफार जुळणारी, तिथे चाचणी केलेली हजारो माणसं, आणि किती जुळतं त्याचा आकडा, सेंटिमॉर्गनमध्ये. सख्खे चुलत-मावस असले तर साधारण साडेआठशे. पणजोबा एक असतील तर दोन-सव्वादोनशे. खापरपणजोबा एक असतील तर सत्तरच्या आसपास, आणि तिथे दहातल्या एका जोडीत तर काहीच जुळत नाही. त्याच्याही मागे एक पिढी गेलं की निम्म्यांच्या बाबतीत पाटी कोरी. नातं असतं, पण लाळेत दिसत नाही.

व्याह्यांनीही एक चाचणी केली बरं का, फक्त पुरुषांची असते ती, बाप-मुलगा-नातू अशी उतरणारी ओळ दाखवणारी. त्यांच्यात निघाली वायव्य आयर्लंडची एक खूण. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं २००६ मध्ये सांगितलं होतं की त्या भागातल्या दर पाच पुरुषांमागे एकात ती सापडते, आणि तिचा संबंध निआल नावाच्या राजाशी असावा. अर्धा इतिहास, अर्धी दंतकथा असला राजा. झालं! व्याही भांडी घासेनात. राजवंश ना. बाईच्या माहेरचा पत्ता लावायला मात्र ती चाचणी शून्य उपयोगाची.

शेवटी विहीणबाईंनी मावशीला धरलं. आईची बहीण, नव्वदी ओलांडलेली, वृद्धाश्रमात असते. म्हातारी एक पिढी वरची, म्हणजे तिच्यात त्या खापरपणजीचा अंश जास्त. जाणकार सांगतात तेच, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची आधी करा. पण तोंड कोरडं, लाळ येईना. मग विहीणबाई तिच्यासमोर लिंबाच्या सरबताचं वर्णन करत बसल्या! सकाळभर.

आणि लागला हो धागा. विहीणबाईंच्या यादीत नसलेले एक आजोबा मावशीच्या यादीत निघाले. कुठे, तर ऑस्ट्रेलियात, मेलबर्नकडे. आयर्लंडात नाहीच. तिथले थोडेच लोक असल्या चाचण्या करतात, ते घरीच असतात ना, त्यांना कशाला शोधायचंय? शोधतात ते बाहेर गेलेले. म्हणजे बॉस्टनच्या बाईला केरीचा पत्ता मेलबर्नहून. आणि तिकडचे जुने मृत्यूचे दाखले असे भरगच्च, की आईचं माहेरचं आडनावसुद्धा लिहिलेलं. त्या आजोबांच्या पणजोबांच्या दाखल्यावर आईबाप दोघं, आणि केरीतलं गाव.

मग काय, चर्चची वही उघडली. सगळं लॅटिनमध्ये, ब्रिजेटची ब्रिगिडा केलेली, अक्षर मुंग्यांचं. पण सापडलं. भाऊ ऑस्ट्रेलियाला गेलेला, बहीण अमेरिकेला. आणि तिकडे नाव ठेवायची रीत ठरलेली असते, पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची. खापरपणजीनं बॉस्टनमध्येही तीच पाळली होती, त्यानं खात्री पटली. ग्रिफिथ नावाच्या साहेबानं १८४७ ते १८६४ मध्ये केलेल्या घरजमिनीच्या आकारणीत त्यांच्या बापाचं नाव, एक खोपटं, पोटापुरती जमीन, मालक भलताच कुणी. आणि १९०१ च्या जनगणनेत त्याच वाडीत त्याच आडनावाचं कुटुंब.

जावईबापू लगेच विचारायला लागले, आता आयरिश पासपोर्ट मिळेल का? नाही हो. त्याला साधारणपणे आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडात जन्मलेलं लागतं, आणि पुरावा कागदाचा, थुंकीचा नव्हे. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

यादीत आणखी एक नाव निघालं होतं, वहिनी. फारच जवळचं. आठशेच्या घरातलं आणि घरात कुणालाच ठाऊक नसलेलं. दत्तक गेलेल्या कुणाची तरी... जाऊ दे, विहीणबाईंनी अजून भावाला सांगितलेलं नाही, मी कुंपणावरून कशाला सांगू? तुम्ही आत आलात तर बघू.

पण मावशीचं ऐकाच. वाडीचं नाव कळल्यावर विहीणबाई धावत वृद्धाश्रमात गेल्या, छापील नकाशा घेऊन. नाव वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, “हे? हे तर माझी आजी चिडली की म्हणायची. ‘तुला तिकडे पाठवीन’ म्हणून. आम्हा पोरांना वाटायचं शिवीच आहे.” विहीणबाई म्हणाल्या, “अगं मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“पोरांसमोर शिव्या द्यायच्या का?” म्हणाली.