तिसरी वायर

शिनोलीत पाण्याची टंचाई आहे असं कुणी म्हणालं तर डिंभ्याच्या धरणाला हसू येईल. गावाच्या वरच्या अंगाला घोड नदी अडवून बांधलेलं हे धरण. सरकारी नाव हुतात्मा बाबू गेनू सागर, उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तर आमच्या स्लॅबवर आहे तशा हजार लिटरच्या टाक्या धरणातून पस्तीस कोटी भरतात. ज्या आंबेगावाच्या नावानं आमचा तालुका ओळखला जातो, ते मूळ गावही याच पाण्याखाली गेलंय. एवढं सगळं मोठ्या अभिमानानं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "पस्तीस कोटी भरत्यात, मग आपली एक का भरंना?"

मुद्दा बिनतोड होता. कालव्याला आवर्तन सुटलं की आमच्या विहिरीला पाणी चढतं. धरण ते विहीर हा मैलोगणतीचा प्रवास पाणी बिनतक्रार करतं. अडतं ते विहीर ते टाकी या शेवटच्या हाकेच्या अंतरावर. कारण मोटर चालू करायला एक माणूस विहिरीवर लागतो आणि टाकी भरली की नाही ते बघायला दुसरा स्लॅबवर. दोन माणसं एका वेळी रिकामी सापडणं आमच्या घरात अवघड आहे. सापडलीच तर त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद असतं.

पूर्वी हे काम हाळीवर चालायचं. "भरली का रे?" "नाय अजून!" वारा उलटा असला की "नाय" विरून जायचं, नुसतं "अजून" पोचायचं आणि मोटर चालू राहायची. मग शिट्टी आली. एक शिट्टी म्हणजे बंद, दोन म्हणजे चालू. पण शेजारच्या घरातला कुकर हा नियम पाळत नसे. मोबाईल आल्यावर मिस्ड कॉलचं युग सुरू झालं. एका भाऊबंदानं तर थेट मोटरच्या पेटीतच सिमकार्डवाला स्टार्टर बसवला. पुण्यात बसून फोन लावायचा की इकडे मोटर सुरू. स्वस्तातला होता, त्यामुळे फोन कुणाचाही आला तरी तो तितक्याच आपुलकीनं उचलायचा. भर दुपारी कर्ज हवंय का विचारणारा फोन आला की उसाला पाणी सुरू.

आमची पेटी जुन्या वळणाची. हिरवं बटण, लाल बटण आणि आत एक कॉन्टॅक्टर. हिरवं दाबलं की कॉइलला वीज मिळते, ती लोखंडाला ओढते, 'खट्' आवाज होतो आणि तिन्ही फेज मोटरला जोडले जातात. लाईट गेली की कॉइल सोडून देते, म्हणजे लाईट परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. हे माणसाच्या सुरक्षेसाठी केलेलं आहे. आपल्याकडे सुरक्षा हा अडथळा मानतात, म्हणून त्यावर 'ऑटो' नावाचा उतारा मिळतो. लाईट आली की थोडा दम खाऊन तो स्वतःच हिरवं बटण दाबल्यासारखं करतो. आमच्या आण्णांकडे ऑटो बसवायच्या आधी कॉन्टॅक्टरमध्ये खुपसायची बाभळीची एक चपटी काडी होती. ती वडिलोपार्जित आहे असं ते सांगत.

तर अशा घरात फ्लोट बसवायचं ठरलं. टाकीत पाण्यावर तरंगणारा प्लॅस्टिकचा डबा. पाणी खाली गेलं की मोटर चालू करतो, वर आलं की बंद. घोडेगावच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं एकच प्रश्न विचारला, "भरायचाय का उपसायचाय?" असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मग त्यानं बिघडलेला एक फ्लोट फोडून दाखवला. आत बोराएवढी पोलादी गोळी आणि एक छोटंसं स्विच, बस्स. डबा लोंबकळला की गोळी एका टोकाला घरंगळते, तरंगून उलटा झाला की दुसऱ्या टोकाला, आणि जाताना स्विच दाबते. बाहेर तीन वायरी. एक सामाईक, दुसरी तिला डबा खाली असताना चिकटते, तिसरी डबा वर असताना. भरायचं असेल तर दुसरी घ्यायची, उपसायचं असेल तर तिसरी. एवढ्यावर सगळा संसार.

वायरमन आला तो आमच्यावर उपकार करायला आल्यासारखा. आण्णांनी त्याला बजावलं, "टाकीत चारशे पंधरा व्होल्ट सोडायचे नाहीत. त्या पाण्यानं आई देव धुते." स्टार्टरची कॉइल चारशे पंधराची असते आणि कॉइलचीच वायर थेट टाकीपर्यंत ओढायची पद्धत आहे. केबलला कुठं चीर गेली तर देव धुणाऱ्याला देवदर्शनच. त्यामुळे पेटीत एक छोटा ट्रान्स्फॉर्मर बसवून चोवीस व्होल्ट करायचे, तेवढेच टाकीत जाऊ द्यायचे आणि एका रिलेनं मोठ्या कॉइलला हुकूम द्यायचा, असं ठरलं. वायरमनला हे आवडलं नाही. "सगळ्या गावात थेट हाय," तो म्हणाला. आण्णा म्हणाले, "सगळं गाव माझ्या टाकीत हात घालत नाही."

वायरींचे रंग बघून जोडायचं असतं अशी माझी समजूत. "रंगावर जाऊ नका," वायरमन म्हणाला आणि अनुभवावर गेला. संध्याकाळी लाईट आली. टाकी रिकामी, मोटर गप्प. त्यानं हातानं फ्लोट उचलून धरला तर मोटर सुरू. टाकी भरू लागली तसा फ्लोट आपसूक तरंगला आणि वायरमननं समाधानानं हात काढून घेतला. टाकी काठोकाठ भरली, मोटर चालूच. मग टाकी वाहू लागली. पाणी स्लॅबवरून थेट शेजारच्या वहिनींच्या कुरडयांच्या वाळवणावर. वहिनींनी जे ऐकवलं ते इथं देत नाही. वायरमन तसूभरही ढळला नाही.

"मोटर चालतीये का नाय?"

"चालतीये. पण भरल्यावर चालतीये."

"मग ही उपसायची जोडणी झाली. तळघर असतं तर लय कामाला आली असती."

"शिनोलीत तळघर कुणाकडं आहे?"

"म्हणून तर बदलतोय."

आणि त्यानं दोन वायरींची अदलाबदल केली. उरलेल्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळली. आण्णांनी विचारलं, "ही तिसरी कशाची?" तो म्हणाला, "राहू द्या ती."

तरंगणाऱ्या वस्तूनं पाण्याला आवर घालायची ही युक्ती काही चिनी मालाबरोबर आलेली नाही. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाच्या ग्रीकानं जलघड्याळात तरंगती झडप वापरून पाण्याची पातळी कायम ठेवली होती. आणि जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मीतला एक लेख आहे : इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दान दिल्याचा. म्हणजे दोन टाकी. ग्रीकांच्या नावानं ओळखला जाणारा माणूस इतक्या लांब आमच्या भागात येतो, खडकातल्या दोन टाक्या देतो आणि फ्लोट द्यायचा राहून जातो! अर्थात तेव्हा इथं लाईट नव्हती. म्हणजे आमच्या आठवड्यातल्या निम्म्या दिवसांसारखीच परिस्थिती.

फ्लोट सुरू झाल्यावर घरात पहिला वाद केबलच्या लांबीवरून झाला. डब्याच्या वायरीवर एक वजन असतं. वजन ते डबा हे अंतर जितकं जास्त तितका डब्याचा झोका मोठा. आण्णांनी अंतर आखूड ठेवलं, कारण टाकी सतत भरलेली हवी. मग आजीनं तांब्याभर पाणी घेतलं की विहिरीवर 'खट्', भरलं की 'खट्', पुन्हा 'खट्'. कॉन्टॅक्टर अशानं जळतो. अंतर लांब केलं तर टाकी तळाला जाईपर्यंत मोटर ढिम्म. घरात अर्धी टाकी म्हणजे आजीच्या दृष्टीनं अवलक्षण. शेवटी केबलला सुतळीची गाठ मारून तोडगा निघाला, तो अजून चालू आहे.

उन्हाळ्यात दुसरा फ्लोट लागला. आवर्तन लांबलं की विहिरीचा तळ दिसतो, आणि कोरडी फिरली तर मोटर जळते. म्हणून एक फ्लोट विहिरीत सोडला, तो मात्र पाणी वर असताना जोडणारा. दोघे एकाच वायरीत एकापाठोपाठ. टाकी म्हणते पाहिजे, विहीर म्हणते आहे. दोघींचं एकमत झालं तरच मोटर फिरणार. एप्रिल-मे महिन्यांत टाकी 'पाहिजे' म्हणत बसते आणि विहीर तोंड उघडत नाही. आजीला हा प्रकार एकदम समजला. "सासू-सुनेचं हाय," म्हणाली. त्यातली टाकी कोण हे मात्र तिनं सांगितलं नाही, आणि आईनं विचारलं नाही.

एक फायदा मात्र निखालस झाला. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात ऊस वाढला तसा बिबट्या उसातच राहायला, व्यायला लागला. लाईट आली म्हणून रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं, ही इथं गंमत नाही. माणसं गेली आहेत. दिवसा वीज द्या ही मागणी इथल्या लोकांनी किती वेळा केली त्याला गणती नाही. ती पुरी होईल तेव्हा होईल. तोवर रात्रीची लाईट आली की ऑटो आणि दोन फ्लोट आपसात बघून घेतात आणि घरचं कुणी अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. लांबून 'खट्' ऐकू येतं, आण्णा कूस बदलतात. एवढ्यासाठी मी त्या पोलादी गोळीला नमस्कार करायला तयार आहे.

पण आण्णांचा जीव तिसऱ्या वायरीत अडकला होता. पैसे दिलेली एक वायर चिकटपट्टी गुंडाळून नुसती पडून राहते हे त्यांना पटेना. टाकी भरली की ती जोडली जाते, एवढं त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलेलं. स्लॅबपर्यंत केबल आधीच तीन पदरी ओढलेली, त्यातला एक पदर मोकळा. मंचरच्या एका गॅरेजमधून त्यांनी ट्रकचा चोवीस व्होल्टचा बल्ब आणला आणि पडवीत, चौकटीच्या वर, लावला. टाकी भरली की बल्ब पेटणार. कुणी स्लॅबवर चढायला नको, कुणाला विचारायला नको. बल्ब आहे म्हटल्यावर त्याला बटण हवं, म्हणून रीतसर बटणही बसवलं.

आता बल्ब पेटला की आण्णा समाधानानं बघतात. विझलेला दिसला की घरात चर्चा सुरू होते. टाकी रिकामी झाली असेल. नाहीतर लाईट गेली असेल. नाहीतर बल्बच उडाला असेल. गेल्या आठवड्यात रात्री तो विझलेला दिसला म्हणून आण्णांनी शिडी लावली, वर जाऊन झाकण काढलं, तर टाकी तुडुंब. खाली येऊन बल्ब काढून हलवून पाहिला, चांगला. ट्रान्स्फॉर्मर बघायला विहिरीवर निघाले तेव्हा आजीनं अंथरुणातूनच हटकलं, "कुठं चाललास अंधारात?"

"बल्ब का बंद झाला ते बघतो."

"मी केला," आजी म्हणाली. "भरलीये ना टाकी? मग फुकट कशाला जाळायचा?"